‘ऑं’ म्हणजे कोण

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बेनिन देशातून नऊ माणसं केळीची शेती शिकायला जळगावला आली, तेव्हा त्यांची दुभाषी म्हणून मला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं.

एरवी मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात फ्रेंच शिकवते. मुलं हा विषय मार्कांसाठी घेतात आणि पेपर झाला की विसरतात. त्यांचा तरी काय दोष? जळगावात फ्रेंच बोलायचं कोणाशी? मी स्वतः पुण्याला जाऊन ही भाषा शिकले. धुळ्यातल्या आमच्या मोहल्ल्यात त्याचं फार कौतुक झालं, पण साधं एक वाक्य बोलायला समोर माणूस नव्हता. त्यामुळे नऊ जिवंत फ्रेंच बोलणारी माणसं असोद्याच्या रस्त्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात येणार हे ऐकलं आणि मी कॉलेजचे सगळे तास सकाळी मागून घेतले. दुपारी रिक्षाने केंद्रावर जायला लागले.

केंद्र म्हणजे चाळीस एकरांचा पसारा. टिश्यूकल्चरची रोपं, हिरव्या शेडनेटची लांबलचक घरं, ठिबकच्या नळ्यांचं जाळं आणि एका कडेला पत्र्याची वर्गखोली. प्रमुख हितेंद्र सर, चाळिशीच्या आतले, सगळं लॅपटॉपवर बघणारे. आणि प्रत्यक्ष शेतावर चुडामणभाऊ. भाऊ पन्नाशीला आलेले, असोद्याचेच. एकोणीस वर्षं कंत्राटावर होते. पानाची कड बघून त्या झाडाला काय कमी पडतंय ते सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते माझ्याकडे आले.

“मॅडम, मला थोडं शिकवा ना त्यांचं बोलणं. तुम्ही दुपारून येता. सकाळभर मी नुसते हातवारे करतो. बैल हाकल्यासारखं वाटतं मला. पाहुणी माणसं ती.”

मोबाइलवर भाषांतर व्हायचं, नाही असं नाही. पण पहिल्याच आठवड्यात हितेंद्र सरांनी ‘झाडाची पिल्लं’, म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारे कोंब, ‘वेळेवर काढा’ असं मोबाइलला सांगितलं होतं, आणि मोबाइलने त्या नऊ जणांना कोंबडीची पिल्लं बाहेर काढायला सांगितलं. सगळे पोट धरून हसले. तेव्हापासून सरांचा त्यावरचा विश्वास उडाला.

जेवणानंतर वीस मिनिटं आमचा वर्ग भरायचा. खताच्या जुन्या रजिस्टरची मागची पानं भाऊंनी वहीसारखी वापरायला काढली.

“आधी माणसं शिकू,” मी म्हटलं. “कोण कोणाबद्दल बोलतंय ते कळलं की बाकीचं मागून येतं.”

मी फळ्यावर लिहिलं आणि त्यांनी देवनागरीत उतरवून घेतलं. झ म्हणजे मी. त्यु म्हणजे तू. इल म्हणजे तो, एल म्हणजे ती. नू आम्ही, वू तुम्ही. मग ते आणि त्या. त्यांचा उच्चार पुन्हा इल आणि एलच, फक्त लिहिताना शेवटी एक अक्षर वाढतं, जे कोणी बोलत नाही.

“बोलायचं नाही तर लिहायचं कशाला?” भाऊंनी विचारलं.

“ते मलाही माहीत नाही,” मी म्हटलं.

त्यु आणि वू त्यांना लगेच पटले. आपल्याकडे तू आणि तुम्ही आहेच. ते अडले ‘नू’पाशी.

“नू म्हणजे आम्ही की आपण?”

“दोन्ही.”

“असं कसं? मी तुम्हाला म्हटलं, आम्ही जेवायला चाललो, तर तुम्ही इथंच बसाल. आपण जेवायला चाललो म्हटलं तर उठाल. यांच्यात समोरच्याला कळतं कसं, आपल्याला धरलंय की सोडलंय?”

आठ वर्षं मी ही सर्वनामं शिकवत होते, पण हा प्रश्न मला एकाही मुलाने विचारला नव्हता. मी म्हटलं, “बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, भाऊ. त्यावरून कळतं.” त्यांनी मान हलवली आणि तेही वहीत लिहून घेतलं.

यादीत नववा एक शब्द असतो. ऑं. तो मी फळ्यावर लिहिला नाही. त्याचा अर्थ एका शब्दात सांगता येत नाही. कधी तो ‘आपण’ असतो, कधी ‘कोणीतरी’, कधी नुसते ‘लोक’. बोलताना तर ते लोक ‘नू’ऐवजी सर्रास ‘ऑं’ वापरतात. अकरावीलाही मी तो सगळ्यात शेवटी घेते. म्हटलं, नंतर बघू. तो नंतर आलाच नाही, आणि त्याचा मला पुढे किती त्रास झाला ते सांगतेच.

त्या नऊ जणांत दोसू नावाचा एक चौतीस वर्षांचा माणूस होता. उंच, शांत, हसला की डोळे मिटायचा. त्याच्या भागातल्या शेतकरी संस्थेने त्याला पाठवलं होतं. परत गेल्यावर तिथे केळीची रोपवाटिका सुरू होणार होती आणि ती दोसूच्या हाती द्यायची असं ठरलं होतं. त्याची आणि भाऊंची जोडी जमली. भाऊंची बायको दिपमाला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि ठेचा द्यायची. बाकीचे पाहुणे ठेचा बघून लांब सरायचे. दोसू दोन बोटांनी पुसून खायचा आणि आमच्याकडची मिरची याहून तिखट असते म्हणायचा. भाऊ त्याला ‘वू’ म्हणायचे, पाहुणा म्हणून. तो रागवायचा, त्यु म्हण, त्यु म्हण. दोघांचं भांडण मला सोडवायला लागायचं. मी नसताना सकाळी ते काय बोलत असतील कोण जाणे, पण मी दुपारी पोचायचे तेव्हा भाऊंना रोज चार नवे शब्द आलेले असायचे.

मार्चअखेर ईद आली. मी चार दिवस धुळ्याला घरी गेले.

परत आले तो केंद्रावर सुतकी शांतता. तीन नंबरच्या शेडनेटमध्ये गेले आणि थांबलेच. अठरा हजार रोपं होती त्या शेडमध्ये, मे महिन्याच्या बुकिंगची. पानं कडेपासून आत करपली होती, विस्तवावर धरल्यासारखी. 

हितेंद्र सर आपल्या खोलीत मेल लिहीत बसले होते. त्यांनी मला थोडक्यात सांगितलं. ठिबकच्या नळ्यांमध्ये क्षार साठतात, ते धुवायला पाण्यातून ॲसिड सोडतात. ते सोडण्याआधी शेडनेटकडे जाणारा वॉल्व्ह बंद करायचा असतो, कारण कोवळ्या रोपांना ते पाणी सोसत नाही. वॉल्व्ह उघडाच राहिला होता.

“ॲसिडच्या टाकीवर दोसू होता,” सर म्हणाले. “मी बोलावून विचारलं. त्याने कबूल केलं, मी विसरलो म्हणून. चुडामणनेच भाषांतर केलं. विषय मिटला. आता तुम्ही त्याच्याशी तो काढू नका, उगाच सगळ्या गटाचा मूड जाईल.”

मी काढला नाही. सरांनी सांगितलं म्हणून नाही. मलाच वाटलं, बिचाऱ्याने चूक मान्य केली आहे, आता परक्या देशात पुन्हा त्याला लाजवायचं कशाला. दोसूही काही बोलला नाही. एकदा विचारलं असतं तर दोन मिनिटांत सगळं उघड झालं असतं. तो माझ्यासमोर अजून तीन आठवडे होता. रोज बोलत होता. मी त्याला केळीच्या घडाचं वजन विचारलं, त्याच्या आईची तब्येत विचारली, हे एक सोडून सगळं विचारलं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सगळे गेले. प्रमाणपत्रं मागाहून मेलने पाठवू असं केंद्राने सांगितलं होतं. स्टेशनवर दोसूने भाऊंना मिठी मारली. भाऊ गाडी हलेपर्यंत त्याच्या बॅगेचा पट्टा धरून उभे राहिले. मला वाटलं, निरोपामुळे.

मे महिन्यात एका सकाळी मला दोसूचा आवाजी निरोप आला. सहा मिनिटांचा. आधी त्याने माझी, अब्बांची, भाऊंच्या घरच्यांची खुशाली विचारली. मग सांगितलं, की जळगावहून त्याच्या संस्थेला एक अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, प्रशिक्षणार्थीने निष्काळजीपणा केल्याचं स्वतः कबूल केलं, म्हणून प्रमाणपत्र देता येत नाही. रोपवाटिका दुसऱ्याला दिली गेली. तो माणूस कधी जळगावला आलाही नव्हता.

“मी ‘झे उब्लिए’, मी विसरलो, असं म्हणालो नव्हतो,” तो म्हणत होता. “मी म्हणालो, ‘ऑं ना उब्लिए’. चुडामणला तो शब्द नीट कळला नसेल. छोटा आहे पण फसवा आहे. त्याला ओरडू नका. मला वाटलं होतं त्याला येतो, म्हणून मी तो वापरला. मी आणखी सोपं बोलायला हवं होतं. त्याला ‘ऑं’ एकदा समजावून सांगाल का?”

मी तो निरोप कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ऐकला आणि बारावीच्या सुट्टीतल्या जादा तासाला गेलेच नाही. नववा शब्द. मी फळ्यावर लिहिला नव्हता तो शब्द. एका माणसाचं आयुष्य माझ्या ‘नंतर बघू’मुळे हातचं गेलं, असंच मला वाटलं.

त्याच दुपारी मी हितेंद्र सरांकडे गेले. चुडामणभाऊंनाही बोलावून घेतलं. मी सांगितलं, की भाषांतर चुकलं आहे. ‘ऑं ना उब्लिए’ म्हणजे मी विसरलो असं होत नाही.

“मग काय होतं?” सर म्हणाले.

“आपण विसरलो. किंवा, कोणीतरी विसरलं. बंद करायचा राहून गेला, असं.”

“आपण विसरलो म्हटलं तर त्यात तोही आला ना?”

“सर, पण एकट्याने कबुली देणं वेगळं आणि—”

“आणि कोणीतरी म्हणजे कोण? टाकीवर तोच होता. मॅडम, अठरा हजार रोपांचा प्रश्न व्याकरणाने सुटतो का? अहवाल वरपर्यंत गेला आहे. आता मी तो मागे घेतला तर मला विचारतील, मग चूक कोणाची. मी काय सांगू?”

भाऊ खिडकीपाशी उभे होते. मी त्यांच्याकडे वळून म्हटलं, “भाऊ, तुमचा काही दोष नाही. मी तो शब्द शिकवलाच नव्हता तुम्हाला.”

 पंपावर माणूस थांबलाय असं काहीतरी सांगून ते निघून गेले.

जूनच्या सुरुवातीच्या एका रविवारी, मी सुट्टीत धुळ्याला असताना, ते आमच्या घरी आले. न कळवता. जळगावहून दोन-अडीच तास एसटीत बसून, ऊन मी म्हणत असताना. अब्बा पत्र्याच्या पेट्या बनवतात. घराला लागूनच दुकान आहे. भाऊ दुकानाच्या उंबऱ्यात उभे राहिले. अब्बांची हातोडी चालू होती, तिच्या आवाजात काही ऐकू येईना. मी पुढे झाले.

“भाऊ, तुम्ही इकडे?”

“तुमच्याशी बोलायचं होतं. तिकडे केंद्रावर जमत नव्हतं.”

हातोडी थांबायची त्यांनी वाट पाहिली. अब्बांनी ती खाली ठेवली, तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, मला ‘ऑं’ माहीत होतं.”

मला आधी कळलंच नाही.

“दोसूनेच शिकवलं होतं. डबा उघडला की म्हणायचा, ‘ऑं मांझ’. चला, आपण जेवू. मी त्याला विचारलंही होतं, हे आम्ही की आपण? तो म्हणाला, आपण. तू आणि मी. मला पक्कं माहीत होतं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. वॉल्व्ह बंद करायचं काम त्यांच्याचकडे होतं. ते तिकडे निघाले, वाटेत दिपमालाचा फोन आला. नरडाण्याला तिच्या भावाच्या मुलीची सोयरीक जमत होती, कोणी कोणी जायचं यावर बोलणं लांबलं. बोलत बोलत ते तिथूनच मागे फिरले. टाकीपाशी दोसूने विचारलं, ‘से फेर्मे?’ बंद केला? ते म्हणाले, ‘वी’. हो.

“खोटं नव्हतं ते, मॅडम. मला खरंच वाटत होतं मी बंद केला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तेव्हा आठवलं.”

“आणि सरांसमोर?”

“सरांनी दोघांना बोलावलं. मला म्हणाले, विचार त्याला, कसं झालं. मी विचारलं. दोसूला सगळं माहीत होतं. त्याने फक्त ‘इल’ म्हणायचं होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘ऑं ना उब्लिए’. आपण विसरलो. मला धरून घेतलं त्याने, एकटं सोडलं नाही. आणि सर म्हणाले, काय म्हणतो?”

त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

“माझ्या तोंडात आलं होतं हो, ‘राहून गेलं’ म्हणून. आपण नाही का म्हणत? कोणाचं नाव घ्यावं लागत नाही. पण सरांच्या टेबलावर माझा कायम नेमणुकीचा कागद होता. सहीला आलेला. एकोणीस वर्षांनी. मला तो दिसत होता. आणि मी म्हणालो, ‘तो म्हणतो, मी विसरलो.’”

“त्याला काही कळलं नाही?”

“त्याला मराठी कुठं येतं? सरांनी मान हलवली. तो माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, निभावलं.”

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दोसूबद्दल काही वाटलं नाही, भाऊंबद्दलही नाही. मला पहिल्यांदा हायसं वाटलं. दोन आठवडे मी ज्याच्यासाठी स्वतःला खात होते ते माझं पाप नव्हतंच. आणि हायसं वाटलं याचा राग मी त्यांच्यावर काढला.

“हे मला कशाला सांगताय?” मी म्हटलं. “मी कोण? त्यांना सांगा. आणि मी भाषांतर करणार नाही. तुम्हाला येतं ना फ्रेंच? तुमच्या तोंडाने सांगा.”

“त्यासाठीच आलो. लिहायला मदत कराल का?”

“तहरीम,” अब्बा मागून म्हणाले, “पहले पानी तो दे उन को.”

तोवर मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नव्हतं.

पाणी पिऊन त्यांनी खिशातून कागद काढला. घरी लिहून आणलेली सात वाक्यं, देवनागरीत. दिपमालाला आदल्या आठवड्यात सांगितलं होतं, म्हणाले. ती तिसऱ्या दिवशी म्हणाली, “तुमनी चूक शे ना? मंग त्याले सांगी द्या, बठ्ठं.” बठ्ठं, म्हणजे सगळं.

मी तो कागद घेतला आणि लाल पेनने तपासायला बसले. पहिल्या वाक्यात क्रियापद चुकलं होतं. दुसऱ्यात ‘मी’नंतरचं रूप ‘तो’चं लावलं होतं. तीन ठिकाणी गोल केले. मग रेकॉर्डिंग. त्यांचा उच्चार चुकला की मी थांबवायचे. “पुन्हा. झ. ज नाही, झ. जीभ टेकवू नका.” एक माणूस आपली लबाडी परक्या भाषेत कबूल करत होता आणि मी त्याला झ आणि ज मधला फरक शिकवत होते. चौथ्यांदा त्यांचा आवाज फुटला. अब्बा उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. पाचव्यांदा मी ठीक आहे म्हटलं आणि त्यांनी निरोप पाठवला.

जाताना त्यांनी मला नमस्कार केला. वयाने ते माझ्या वडिलांच्या जवळ. मी मान हलवली. एसटी स्टँडपर्यंत सोडायला अब्बा गेले, मी नाही.

दोसूने तो निरोप त्याच दिवशी ऐकला. ऐकल्याची खूण आली. उत्तर अकरा दिवसांनी आलं, आणि ते लेखी होतं. एकच शब्द. भाऊंनी तो मला वाचायला दाखवला, पण अर्थ विचारला नाही. ‘पुरक्वा?’ का?

“काय लिहू?” ते म्हणाले.

“खरं ते लिहा.”

त्यांनी मोबाइल हातात घेतला. नेमणूक, कागद, एकोणीस वर्षं, हे सगळं सांगायला त्यांच्याकडे शब्द नव्हते. माझ्याकडे होते. मी देऊ केले. या वेळी मनापासून. त्यांनी नको म्हटलं. “ते सांगितलं तर सबब होईल.” मग त्यांनी विचारलं, भीती वाटत होती, याला काय म्हणतात. मी सांगितलं. ‘झाव्हे पर.’ तेवढंच त्यांनी पाठवलं.

त्यापुढे दोसूकडून काही आलं नाही. मीही दोन निरोप पाठवले, त्याला तेव्हाच न विचारल्याची माझी चूक सांगणारे. ऐकल्याच्या खुणा आल्या. उत्तर नाही.

भाऊंनी हितेंद्र सरांनाही जाऊन सांगितलं. सर आधी चिडले, ते खोटं बोलण्यावर कमी आणि आता सांगण्यावर जास्त. “मेलेली रोपं उकरून काय मिळालं तुला?” असं म्हणाले म्हणे. पण त्यांनी पत्र पाठवलं, हे मान्य करायला हवं. मीच त्याचं फ्रेंच केलं. चार ओळी: पूर्वीच्या अहवालातली नोंद गैरसमजातून झाली होती, चूक केंद्राच्या कर्मचाऱ्याची होती, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. महिन्याने संस्थेकडून पोच आली. पत्र मिळालं, नोंद घेतली, रोपवाटिकेच्या जागेवर नेमणूक आधीच झालेली आहे.

भाऊंचा कायम नेमणुकीचा कागद वर गेलाच नाही. त्यांना काढलं मात्र नाही. रोपं ओळखणारा तसा दुसरा माणूस केंद्राकडे नव्हता. प्रशिक्षणाच्या कामातून आपल्याला मोकळं करा असं त्यांनी स्वतःच लिहून दिलं. आता ते रोपं क्रेटमध्ये भरून गाड्यांत चढवायच्या शेडमध्ये असतात.

या फेब्रुवारीत नवा गट आला. सात जण, त्यातले दोन बेनिनचे. आफी नावाची एक बाई त्यात होती, तिशीची, भराभर बोलणारी. तिच्या गावाचं नाव ऐकलं आणि मी दचकले. दोसूच्या संस्थेच्याच भागातलं. दोन-तीन दिवस मी स्वतःला आवरलं. मग भरणीची शेड दाखवायच्या निमित्ताने तिला भाऊंकडे घेऊन गेले. त्यांना आधी विचारलं होतं. ते म्हणाले, आणा.

भाऊंनी हात पुसले, नमस्कार केला. आणि फ्रेंचमध्ये, एकेक शब्द जपून ठेवत, विचारलं: तुम्ही दोसूला ओळखता का?

“हो, ओळखते ना,” आफी म्हणाली. “शेजारच्या गावचा. आता कोटोनू शहरात मोटरसायकलवर भाडी मारतो. रविवारी घरी येतो. चर्चमध्ये दिसतो कधी कधी.”

“तब्येत बरी आहे?”

“बरी आहे. मुलगी झाली त्याला.”

भाऊंनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्यांना जमेना, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, “विचारा ना, इथलं काही सांगतो का तो? जळगावचं?”

मी विचारलं. आफीने जरा आठवून पाहिलं. मग खांदे उडवले.

“इल नां पार्ल पा.”

तो त्याबद्दल बोलत नाही. भाषांतर करायला मी तोंड उघडलं, पण भाऊंना कळलं होतं. ते क्रेटकडे वळले होते. एक रोप तिरकं झालं होतं, ते त्यांनी सरळ केलं.

आफीला आमच्यातलं काही माहीत नव्हतं. तिने वाकून क्रेट पाहिला आणि विचारलं, एकात किती रोपं बसतात, आणि लांबच्या प्रवासात पाणी किती वेळा द्यायचं. भाऊंनी मराठीत सांगायला सुरुवात केली. सावकाश, नीट, काही न सोडता. मी तिला ते फ्रेंचमध्ये सांगत गेले.